खजिन्याचा मालक कोण?

सार्वजनिक आयव्यय हा विषय शिकविण्यास आरंभ करताना मी दरवर्षी विद्यार्थ्यांना एक साधा प्रश्न विचारतो. सरकारच्या तिजोरीतला पैसा कोणाचा? जनतेचा, असे उत्तर तत्काळ येते. मग मी दुसरा प्रश्न विचारतो. संस्थानांच्या काळी तो कोणाचा होता? ह्या प्रश्नावर वर्गात हशा पिकतो. हत्ती, शिकार, हिऱ्यांचे कंठे, पॅरिसच्या सफरी आणि रोल्स रॉइस गाड्या ह्यांपलीकडे संस्थानिक म्हणून काही असू शकते, हे आजच्या तरुणाच्या गावीही नसते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. बहुसंख्य संस्थानिकांनी हाच लौकिक मागे ठेवला आहे. परंतु त्याच वर्गातल्या निम्म्या मुलांची शिष्यवृत्ती ज्या बँकेच्या खात्यात जमा होते, ती बँक एका संस्थानिकाच्या पुढाकाराने १९०८ साली निघाली, हे सांगितले म्हणजे हसणे थांबते.

बडोद्याचे महाराज तिसरे सयाजीराव गायकवाड ह्यांच्याविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यातील बरेचसे आरतीच्या थाटाचे आहे. ग्रंथालये, शाळा, व्यायामशाळा, संगीत, विद्वानांचा आश्रय ह्यांची यादी आपण सर्वांनी शाळेतच पाठ केलेली असते. येथे त्या यादीत भर घालण्याचा हेतू नाही. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यांच्या चरित्रात जी गोष्ट सर्वांत लक्षणीय वाटते ती निराळी आहे. मांडलिक राजाच्या हाती राजकारणातले सारे काही काढून घेतल्यावर जे उरते, ते म्हणजे अंदाजपत्रक. ह्या उरलेल्या गोष्टीचा त्यांनी काय उपयोग केला, एवढाच प्रश्न येथे घेतला आहे.

त्यासाठी थोडे मागे जावे लागते. सयाजीरावांच्या आधीचे दोन गायकवाड हे खंडेराव आणि त्यांचे बंधू मल्हारराव. खंडेरावांनी चांदीच्या तोफा घडविल्या. मल्हाररावांनी त्यांच्यावर ताण म्हणून सोन्याच्या घडविल्या. खंडेरावांच्याच कारकीर्दीत मोत्यांनी विणलेला तो जगप्रसिद्ध गालिचा तयार झाला. तो मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करावयाचा होता, असे सांगतात. ह्याच खंडेरावांनी डभोई ते मियागाम असा रेल्वेचा फाटा टाकला आणि १८६२ साली त्या रुळांवरून बैलांनी गाड्या ओढल्या, हेही न्यायाने नमूद केले पाहिजे. पण तोफ असो वा रूळ, खर्चाचा निर्णय एकाच माणसाच्या लहरीवर होता. दौलतीचा खजिना आणि महाराजांचा बटवा ह्यांत भेद नव्हता. कमी पडले की रयतेचा सारा वाढवावयाचा, नजराणे घ्यावयाचे, सावकारांकडून उचलावयाचे, हा शिरस्ता.

खंडेराव १८७० साली वारले. भावाच्या जिवावर उठल्याच्या आरोपावरून पादऱ्यास कैदेत असलेले मल्हारराव गादीवर आले. खंडेरावांच्या विधवा जमनाबाई त्या वेळी गरोदर होत्या. पुढच्या वर्षी त्यांना कन्या झाली आणि मल्हाररावांचा मार्ग निर्वेध झाला. त्यांच्या कारभाराविषयी तक्रारी इतक्या वाढल्या की १८७३ मध्ये इंग्रज सरकारने चौकशी समिती नेमली. कारभार सुधारावा म्हणून १८७४ मध्ये दिवाणगिरीवर आलेले गृहस्थ होते दादाभाई नौरोजी. हिंदुस्थानातील संपत्ती इंग्लंडकडे कशी वाहून जाते ह्याचा हिशेब मांडणारा हा अर्थवेत्ता त्या दरबारात काही महिनेच टिकू शकला. एकीकडे महाराजांची मंडळी आणि दुसरीकडे रेसिडेंट कर्नल फेअर, ह्या दोघांच्या कचाट्यात १८७५ च्या आरंभी त्यांनी राजीनामा दिला.

दरम्यान फेअर ह्यांच्या सरबतात विष घातल्याचे प्रकरण उद्भवले. ते सर्वश्रुत आहे. तपशिलात शिरत नाही. मात्र आयोगाचा निकाल विसरण्याजोगा नाही. सर रिचर्ड काउच ह्यांच्या अध्यक्षतेखालील सहा जणांच्या आयोगात तीन इंग्रज होते आणि तीन हिंदी: ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे रामसिंह आणि सर दिनकरराव. तिघा इंग्रजांना आरोप शाबीत वाटला, तिघा हिंदी सदस्यांना वाटला नाही. तेव्हा सरकारने विषाचे प्रकरण बाजूस ठेवले आणि गैरकारभाराच्या कारणावरून मल्हाररावांना एप्रिल १८७५ मध्ये पदच्युत करून मद्रासला पाठविले. आरोप शाबीत न होताही राजा जातो, हा धडा हिंदुस्थानातल्या प्रत्येक संस्थानिकाने त्या दिवशी शिकला. आपण बसलो आहो ती गादी आपली नाही, कारभार नीट आहे की नाही हे ठरविणारा दुसराच कोणी आहे, ही जाणीव सयाजीरावांच्या वाट्याला गादीबरोबरच आली. त्यांच्या पुढच्या साऱ्या वागण्यात ती कोठे ना कोठे दिसते.

जमनाबाईंना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली तेव्हा गायकवाडांच्या एका दूरच्या शाखेतील मुले पाहण्यास आणली गेली. ही शाखा नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळच्या कवळाणे गावी शेती करून होती. काशीरावांचा मुलगा गोपाळ हा त्यांपैकी एक. त्याचा जन्म ११ मार्च १८६३ चा. येथे कशासाठी आलास असे विचारल्यावर राज्य करावयास आलो असे उत्तर त्याने दिले, ही आख्यायिका बडोद्यात अजून सांगतात. तिचे खरेखोटे असो. निश्चित आहे ते हे की बारा वर्षांचा तो मुलगा जेमतेम अक्षरओळख असलेला होता. २७ मे १८७५ रोजी तो सयाजीराव झाला. पुढील सहा वर्षे इलियट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली पहाटेपासून रात्रीपर्यंत त्याला घोटून घेण्यात आले. शिक्षण उशिरा आणि कष्टाने मिळालेल्या माणसाला त्याची जी किंमत कळते ती जन्मतः पुस्तकांत वाढलेल्यास कळत नाही. सक्तीच्या शिक्षणाचे मूळ काही जण युरोपच्या प्रवासात शोधतात. मला ते कवळाण्यात दिसते.

सयाजीरावांच्या अज्ञान वयात कारभार पाहिला तो सर टी. माधवराव ह्यांनी. कुंभकोणम् येथील मराठी देशस्थ घराण्यातले हे गृहस्थ त्रावणकोर आणि इंदूर येथे दिवाणगिरी करून बडोद्यास आले होते. मल्हाररावांनी मागे ठेवलेल्या कर्जाचा आणि थकबाकीचा निपटारा त्यांनी केला, कामाची खाती पाडली, न्यायालयांची उतरंड लावली. १८८१ साली, अधिकार हाती येण्यापूर्वी, त्यांनी तरुण महाराजांना राज्यकारभारावर व्याख्याने दिली. ती 'मायनर हिन्ट्स' ह्या नावाने छापली गेली आहेत. राजवाड्याच्या खर्चाला मर्यादा असली पाहिजे, महसूल हा प्रजेच्या कामासाठी गोळा केलेला असतो, आणि राजाने स्वतःवर नियम घालून घ्यावेत, अशी त्यांतील शिकवण. कायदा राजाला बांधू शकत नाही म्हणून राजाने स्वतःला बांधून घ्यावे, हा त्या शिकवणीचा गाभा होता आणि तिचे मर्मस्थानही तेच. त्याकडे शेवटी वळू.

२८ डिसेंबर १८८१ रोजी अठरा वर्षांच्या सयाजीरावांच्या हाती राज्याची सूत्रे आली. राज्य म्हणजे सुमारे आठ हजार चौरस मैलांचा मुलूख, तोही सलग नव्हे. बडोदे, नवसारी, कडी हे प्रांत एकीकडे, तर अमरेली आणि द्वारकेसह ओखामंडळ थेट काठेवाडात. मध्ये इंग्रजी मुलूख आणि इतर लहानमोठी संस्थाने. नकाशा पाहिला तर कोणीतरी शाईचे शिंतोडे उडविल्यासारखा वाटतो. फौज नावापुरती. परराष्ट्रव्यवहार इंग्रजांकडे. मीठ पिकविण्यावर बंधने, अफूवर बंधने, मुख्य लोहमार्गावरील हुकमत इंग्रजांची. संस्थानचा स्वतःचा बाबाशाही रुपया होता. पण चांदीचा भाव घसरू लागल्यावर त्याची किंमत इतकी अस्थिर झाली की विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तो बंद करून इंग्रजी रुपया स्वीकारावा लागला. चलन गेले म्हणजे सार्वभौमत्वाची एक खूण गेली. व्यापाऱ्याची आणि शेतकऱ्याची मात्र सोय झाली. ह्या व्यवहारात अभिमान राखावा की सोय पाहावी, ह्याचा निर्णय सयाजीरावांनी सोयीच्या बाजूने दिला. त्यांच्या स्वभावाची ही बाजू त्यांच्या बंडखोर प्रतिमेमागे झाकली जाते.

उरला तो खर्च. सारा किती घ्यावा ह्यावरही रेसिडेंटची नजर असे. पण गोळा झालेल्या पैशाचे काय करावे ह्यात संस्थानिकाला बऱ्यापैकी मोकळीक होती. बहुतेकांनी ही मोकळीक कशात घालविली ते सांगण्याची गरज नाही. सयाजीरावांनीही १८९० साली लक्ष्मीविलास राजवाडा पुरा केला, आणि तो साधा नव्हता. राजवाड्याचा खर्च पाहणारे खानगी खाते ह्या नावाने ओळखले जाई. ते खाते त्यांच्या काळातही काही लहान नव्हते. त्यांना साधुपुरुष ठरविण्याचा अट्टाहास कोणी करू नये. फरक इतकाच की खानगी आणि सरकारी अशी दोन दप्तरे झाली, आणि दुसऱ्या दप्तरात नवी सदरे उघडली गेली. बडोदे शहराला पाणी पुरविणारा आजव्याचा तलाव १८९२ साली पुरा झाला. १८९० साली कलाभवन निघाले. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम, चित्रकला शिकविणारी ही संस्था. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे तिचेच विद्यार्थी. हातांना काम शिकविणारे शिक्षण हवे, नुसते कारकून नकोत, ही ओरड आज आपण करतो. ती त्या वेळीही होती, आणि बडोद्याने तिच्यावर पैसे खर्च केले होते.

परंतु खरी परीक्षा प्राथमिक शिक्षणाची. १८९३ साली अमरेली गाव आणि आसपासची नऊ खेडी एवढ्या टापूत सक्तीचे व मोफत शिक्षण सुरू झाले. प्रथम लहान क्षेत्रात प्रयोग करावा, खर्च किती येतो, पालक विरोध किती करतात, शिक्षक मिळतात का हे पाहावे आणि मग पाऊल पुढे टाकावे, ही पद्धत आज आपल्या योजनांतून लुप्त होत चालली आहे. मुलींचाही समावेश होता, केवळ वयाची मर्यादा त्यांच्यासाठी कमी ठेवली होती. प्रयोग हळूहळू तालुकाभर पसरला आणि १९०६ साली संपूर्ण संस्थानाला लागू झाला.

१८९३ आणि १९०६ ह्या दोन सालांच्या मध्ये काय घडले हे लक्षात घेतल्याखेरीज त्या निर्णयाचे वजन कळत नाही. मध्ये छपन्नचा दुष्काळ होता. संवत १९५६, म्हणजे इसवी सन १८९९–१९००. १८९१ च्या जनगणनेत बडोदे संस्थानची लोकसंख्या चोवीस लाख पंधरा हजार होती. १९०१ मध्ये ती एकोणीस लाख बावन्न हजारांवर आली. दहा वर्षांत साडेचार लाखांहून अधिक माणसे कमी झाली. पाचातला जवळजवळ एक माणूस दुष्काळाने, तापाने, कॉलऱ्याने, प्लेगने किंवा स्थलांतराने नाहीसा झाला. सारा बुडाला, दुष्काळी कामांवर पैसा गेला. अशा वेळी कोणताही अर्थसचिव प्रथम शिक्षणाच्या सदराला कात्री लावतो. ह्या राज्याने त्यानंतर पाच-सहा वर्षांच्या आत सक्तीचे शिक्षण सर्वत्र लागू केले.

आता इंग्रजी मुलखाकडे पाहा. गोपाळ कृष्ण गोखले ह्यांनी मार्च १९११ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचे विधेयक वरिष्ठ कायदेमंडळात मांडले. विधेयक अत्यंत सौम्य होते. सक्ती करावी की नाही हे स्थानिक संस्थांनी ठरवावयाचे होते. गोखल्यांनी बडोद्याचे उदाहरण पुढे केले. सरकारचे म्हणणे असे की लोकांची मागणी नाही आणि पैसा नाही. मार्च १९१२ मध्ये विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. साम्राज्याच्या तिजोरीत पैसा नव्हता, आणि दुष्काळाने पिळून निघालेल्या वीस लाख वस्तीच्या मांडलिक संस्थानाच्या तिजोरीत तो होता! दरडोई शिक्षणखर्चात बडोदे इंग्रजी हिंदुस्थानच्या कित्येक पट पुढे होते. पैसा नाही ह्या सबबीचे खरे रूप ह्या एका तुलनेने जितके उघडे पडले तितके शंभर भाषणांनी पडले नसते. गोखल्यांचा पराभव झाला तरी हा पुरावा सरकारला खोडून काढता आला नाही.

तथापि सक्तीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुलगा शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंड होता. दंड भरणारा बहुधा तोच असे, ज्याचे पोर गुरे राखते किंवा धाकटे भावंड सांभाळते. त्या पोराच्या मजुरीवाचून घराचे अडत होते म्हणूनच ते शाळेत नव्हते. म्हणजे शिक्षण मोफत असले तरी गरिबाला ते फुकट नव्हते. अर्थशास्त्रात ज्याला संधिव्यय म्हणतात तो त्याच्या माथी होता, आणि वर दंडही. कागदावर नाव दाखल आणि पोर शेतात, असेही पुष्कळ झाले. सक्तीबरोबर घराला आधार द्यावा लागतो, हे समजण्यास आपल्याला पुढे मध्यान्ह भोजनाच्या योजनेपर्यंत थांबावे लागले.

सारा किती घ्यावा ह्या प्रश्नावर सयाजीरावांनी जे केले ते अर्थशास्त्राच्या इतिहासात एकमेव म्हणावे असे आहे. रमेशचंद्र दत्त ह्यांनी आय. सी. एस. मधून निवृत्त झाल्यावर हिंदुस्थानच्या आर्थिक इतिहासाचे दोन खंड लिहिले आणि जमीनमहसुलाचा जबर बोजा हे दुष्काळांचे एक मुख्य कारण असल्याचा आरोप ठेवला. लॉर्ड कर्झन ह्यांच्याशी त्यांचा जाहीर वाद झाला. सयाजीरावांनी ह्या टीकाकारालाच १९०४ साली आपला महसूलमंत्री केले. पुस्तकात इंग्रजांना जे सांगितलेत ते येथे करून दाखवा, असाच जणू त्याचा अर्थ. दत्तांनी साऱ्याचा आणि जकातींचा भार हलका करण्याच्या दिशेने काम केले, न्याय व अंमलबजावणी ही खाती वेगळी करण्यात भाग घेतला. १९०९ मध्ये ते दिवाण झाले आणि त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला बडोद्यातच वारले. सरकारवर टीका करणाऱ्या प्राध्यापकाला बोलावून त्याच्या हाती खाते देण्याची पद्धत पुढे फारशी कोणी चालविली नाही. प्राध्यापक म्हणून मला हे अंमळ बोचते, हे मान्य करतो.

उद्योगधंद्यांत मात्र यश सरळ आले नाही. संस्थानने स्वतः काढलेली कापडगिरणी आणि गणदेवीचा साखर कारखाना ही दोन्ही साहसे सरकारी हातात नीट चालली नाहीत आणि शेवटी सोडून द्यावी लागली. १९०२ साली अहमदाबादेत राष्ट्रसभेच्या अधिवेशनाबरोबर भरलेल्या औद्योगिक प्रदर्शनाचे उद्घाटन करताना सयाजीरावांनी देशाच्या औद्योगिक मागासलेपणाची मीमांसा केली, ती ह्या अनुभवातून आलेली होती. सरकारने कारखाना चालविण्यापेक्षा कारखानदाराला भांडवल, शिक्षण आणि वाहतूक मिळवून द्यावी, ह्या निष्कर्षाला ते पोहोचले होते. २० जुलै १९०८ रोजी स्थापन झालेली बँक ऑफ बडोदा हे त्याचे फळ. तिचे भागभांडवल दहा लाख रुपयांचे. मुंबईचे आणि गुजरातचे व्यापारी तिच्या उभारणीत होते. दरबारचा पाठिंबा होता. १९१३ पासून हिंदुस्थानात बँका पटापट कोसळू लागल्या. पीपल्स बँक बुडाली, इंडियन स्पेसी बँक बुडाली, अनेक लहान बँका नाहीशा झाल्या. ही टिकली. १९६९ मध्ये तिचे राष्ट्रीयीकरण झाले, २०१९ मध्ये विजया आणि देना ह्या बँका तिच्यात विलीन झाल्या. ओखा बंदर १९२६ साली खुले झाले. त्याच ओखामंडळात, मिठापूरला, टाटांच्या रसायन कंपनीचा पाया १९३९ च्या जानेवारीत घातला गेला. सयाजीरावांच्या मृत्यूला तेव्हा दोनच आठवडे उरले होते.

ग्रंथालयांचे नाव घेतल्याखेरीज शिक्षकवाचक मला क्षमा करणार नाहीत. अमेरिकेतील प्रवासात पाहिलेली सार्वजनिक ग्रंथालये मनात भरल्यावर त्यांनी १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन तज्ज्ञास बोलावून घेतले. स्वतःच्या राजवाड्यातील पुस्तकसंग्रह मध्यवर्ती ग्रंथालयाला दिला. पेट्यांत पुस्तके भरून त्या गावोगाव विनामूल्य पाठविल्या. शाळा सोडलेला मुलगा चार वर्षांत निरक्षर होतो, हे त्यांनी ओळखले होते. शाळेवर खर्चलेला पैसा वाया जाऊ नये म्हणून पुस्तकावर खर्च करावयाचा, असा तो हिशेब होता. कारकुनांसाठीही एक भेट त्यांनी ठेवली आहे. १९३१ मध्ये निघालेला 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा आठ भाषांतील शासकीय शब्दांचा कोश. परिपत्रकाची मराठी सुबोध कशी करावी ह्या चिंतेत असलेल्यांनी तो एकदा चाळावा. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.

अस्पृश्यांसाठी शाळा त्यांनी कारकीर्दीच्या अगदी आरंभी काढल्या. सवर्ण शिक्षक मिळेनात म्हणून मुसलमान शिक्षक नेमावे लागले. भीमराव आंबेडकर ह्या विद्यार्थ्याला एल्फिन्स्टन महाविद्यालयात असताना बडोद्याची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जाण्यासाठीही मिळाली. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची, असा करार होता. १९१७ साली आंबेडकर करारानुसार बडोद्यास आले. पुढे अर्थखाते त्यांच्याकडे सोपवावे असा विचार होता. कचेरीतले शिपाई कागद दुरून टाकीत. शहरात राहावयास एकही घर मिळेना. पारशी म्हणून नाव सांगून एका पारशी विश्रामगृहात ते राहिले, तेथून लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. दिवसभर खटपट करूनही छप्पर न मिळाल्याने ते मुंबईस परतले. संस्थानच्या अंदाजपत्रकाने त्यांना अटलांटिकपलीकडे पाठविले होते. राजधानीत एक खोली देणे त्याच्या आवाक्याबाहेरचे ठरले. महाराजांनी अधिक करावयास हवे होते काय? मला वाटते, हवे होते. सरकारी निवासस्थान देण्यास कोणत्याही रेसिडेंटची परवानगी लागत नव्हती.

आंबेडकरांनी मात्र कडवटपणा ठेवला नाही. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ साली लंडनला प्रसिद्ध झाला. मध्यवर्ती आणि प्रांतिक सरकारांत पैशाची वाटणी कशी होत गेली ह्याचा तो पहिला सखोल अभ्यास. तो ग्रंथ शिक्षणासाठी केलेल्या साहाय्याच्या कृतज्ञतेपोटी सयाजीरावांना अर्पण केलेला आहे. खजिन्याच्या विनियोगासाठी ओळखल्या जाणाऱ्या राजाला सार्वजनिक आयव्ययाचाच ग्रंथ अर्पण व्हावा, ह्याहून समर्पक मानपत्र कोणते?

१९११ च्या दिल्ली दरबाराविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्याची चर्चा वाजवीपेक्षा अधिक झाली आहे. दागिने उतरवून, हातात काठी घेऊन, एकदाच लवून, पाठ फिरवून ते परतले. इंग्रजी वृत्तपत्रांनी काहूर माजविले. त्यांनी व्हाइसरॉयना दिलगिरीचे पत्र लिहिले. काहींना त्यात मानहानी दिसते. मल्हाररावांची हकीकत ज्याला बाराव्या वर्षी समोर दिसली, त्याने दुसरे काय करावे? गादी गेली असती तर शाळाही गेल्या असत्या. घरगुती दुःखेही त्यांच्या वाट्याला भरपूर आली. पहिली पत्नी १८८५ मध्ये क्षयाने गेली, आणि चार मुलांपैकी तिघांचा मृत्यू त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा लागला.

त्यांच्यावर घेतला जाणारा सर्वांत रास्त आक्षेप दरबाराचा नव्हे आणि परदेशप्रवासांचाही नव्हे. प्रवास अति झाले हे खरे. संस्थानिकांनी परवानगीवाचून परदेशी जाऊ नये असे कर्झन ह्यांनी १९०० साली काढलेले परिपत्रक मुख्यतः त्यांनाच उद्देशून असल्याचा समज होता. रास्त आक्षेप धारासभेचा आहे. १९०८ मध्ये त्यांनी कायदेमंडळ स्थापिले, पण खजिन्याची किल्ली त्याच्या हाती दिली नाही. सभासद प्रश्न विचारू शकत, सूचना करू शकत. अंदाजपत्रक नामंजूर करू शकत नसत. १९१६ पासून प्रजामंडळ जबाबदार राज्यपद्धतीची मागणी करीत राहिले. बालविवाहास १९०४ मध्ये, हिंदू घटस्फोटास १९३१ मध्ये कायद्याच्या कक्षेत आणणारा हा राजा ह्या एका बाबतीत जागचा हलला नाही. त्यांच्या बाजूने असे म्हणता येईल की १९०६ साली धारासभेला मतदानाचा अधिकार असता तर सक्तीचे शिक्षण मंजूर झाले असते की काय, ह्याची शंका आहे. जमीनदार आणि व्यापारी बहुमतात असते आणि गोखल्यांच्या विधेयकाचे जे झाले तेच झाले असते. हा युक्तिवाद मला पुरेसा वाटत नाही, परंतु तो पोकळही नाही.

राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवानिमित्त १९३६ मध्ये त्यांनी ग्रामीण आणि गरीब प्रजेच्या उन्नतीसाठी एक कोटी रुपयांचा निधी बाजूला काढला. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी त्यांचे निधन झाले. गादीवर नातू प्रतापसिंहराव आले.

प्रतापसिंहरावांना माधवरावांची व्याख्याने कोणी ऐकविली नव्हती, किंवा ऐकविली असली तर ती रुजली नव्हती. शर्यतीचे घोडे, अमेरिकेच्या सफरी, जडजवाहीर ह्यांवर पैसा वाहू लागला. संस्थानच्या राखीव निधीतून महाराजांनी बिनव्याजी कर्ज म्हणून फार मोठ्या रकमा उचलल्याचे १९४८ मध्ये उघडकीस आले आणि दिल्लीच्या संस्थान खात्यापुढे तो प्रश्न आला. त्या रकमा उचलण्यास अडथळा करणारा कोणताही कायदा बडोद्यात नव्हता. साठ वर्षे जो नियम पाळला गेला तो पाळणाऱ्याबरोबर गेला होता. १ मे १९४९ रोजी बडोदे मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५१ मध्ये प्रतापसिंहरावांची मान्यता काढून घेण्यात आली. विलीनीकरणाच्या ऐन तोंडावर, ३० एप्रिल १९४९ रोजी, ह्याच प्रतापसिंहरावांच्या हातून बडोद्याचे विद्यापीठ स्थापन झाले. आजोबांची ती जुनी इच्छा होती. नाव त्यांचेच दिले आहे. त्या विद्यापीठात अर्थशास्त्राचा विभागही आहे.